जमाखर्चाबरोबर मनाचीही नोंद ठेवा



बियाणं, खतं, कीड-रोग, जनावरांचे आजार, बाजारभाव हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय जरा वेगळा आहे. जे शेतात दिसत नाही, सातबाऱ्यावर चढत नाही, पण रात्री अंथरुणावर पाठ टेकली की छातीवर येऊन बसतं, त्या ओझ्याबद्दल आज बोलायचं आहे. म्हणजे काळजी. कुणी त्याला घोर म्हणतं, कुणी टेन्शन म्हणतं, कुणी म्हणतं, डोक्यात भुंगा लागलाय.

हे ओझं थोडं हलकं करायचा एक साधा उपाय आहे. रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं आणि मनात जे आहे ते लिहून काढायचं. भांडवल म्हणाल तर एक शंभर पानी वही आणि एक पेन.

आता तुम्ही म्हणाल, “साहेब, उभं पीक पाण्यात गेलंय, बँकेची नोटीस दारात आहे, आणि तुम्ही आम्हाला वह्या भरायला सांगताय?” तुमचं म्हणणं रास्त आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. हातातोंडाशी आलेलं सोयाबीन गेलं, कुठं कुठं शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. अशा माणसाला वही लिहिल्यानं सोयाबीन परत मिळत नाही. वहीनं पाऊस पडत नाही आणि कर्जही फिटत नाही. पण कर्ज फेडायला, शेत पुन्हा उभं करायला जे डोकं लागतं, ते ठिकाणावर राहायला वहीची मदत होते. ती कशी, ते आता पाहू.

काळजी रात्रीच का वाढते?

दिवसा हाताला काम असतं. औत आहे, पाणी आहे, जनावरं आहेत, गडीमाणसं आहेत. मनाला फिरायला सवड नसते. रात्री घर निजलं की मन घाण्याच्या बैलासारखं फिरायला लागतं. फिरणं पुष्कळ, पण पोचणं कुठंच नाही. सोसायटीचं कर्ज, तिथून मुलीचं लग्न, तिथून मोटार जळाली ती, तिथून परत कर्ज. तीच वाट, तोच फेरा.

याला कारण आहे. अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही. विसरू नये म्हणून ते तिची पुन्हा पुन्हा आठवण करून देतं. शिवाय डोक्यातल्या गोष्टीला माप नसतं. धान्य मापून पोत्यात भरलं की कळतं, किती पोती आहे. खळ्यावर नुसता ढीग असला तर कुणाला तो दहा पोती दिसतो, कुणाला वीस. काळजीचंही तसंच. मोजली नाही तोवर ती रात्रीच्या अंधारात दुप्पट दिसते.

झोप झाली नाही की दुसरा दिवस बिघडतो. बैलावर राग निघतो, पोरांवर हात उठतो, घरधनिणीशी विनाकारण खटके उडतात. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट म्हणजे निर्णय चुकतात. कुणी सांगितलं म्हणून गरज नसताना महागडी फवारणी होते. घाईत खाजगी कर्ज काढलं जातं. दोन दिवस थांबण्यासारखा माल पडेल त्या भावानं विकला जातो. म्हणून मी म्हणतो, मनाची काळजी घेणं हे शेतीचंच काम आहे.

लिहिण्यानं खरंच फरक पडतो का?

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका विद्यापीठात जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साध्यासुध्या विषयावर लिहायला सांगितलं. काहींना आयुष्यातल्या सगळ्यांत दुःखाच्या प्रसंगावर, झालं काय आणि मनाला वाटलं काय, हे दोन्ही लिहायला सांगितलं. पुढच्या सहा महिन्यांत या दुसऱ्या लोकांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

दुसरा अभ्यास झोपेचा आहे. तोही टेक्सासातलाच, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. सत्तावन्न तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढं करायची कामं लिहिली, निम्म्यांनी होऊन गेलेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. ज्यांनी कामांची यादी अधिक बारकाईनं लिहिली, त्यांना आणखी लवकर लागली. काम कागदावर उतरलं की मनाला राखण करत बसावं लागत नाही, असा त्याचा अर्थ.

आता खरं ते सगळं सांगितलं पाहिजे. त्यानंतर अशा लिहिण्यावर शंभराहून जास्त अभ्यास झाले. त्या सगळ्यांचा मेळ घातला तर सरासरी फायदा निघतो, पण तो लहान आहे. कुणाला चांगला गुण येतो, कुणाला काहीच येत नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. शेणखतासारखं समजा. एका पाळीत फरक दिसत नाही, पण घालत राहिलं तर जमीन सुधारते, आणि खर्च तर जवळजवळ नाहीच.

आपल्याकडे हे अगदीच नवीन नाही

मनातलं बाहेर काढायची वाट आपल्या आयाबायांनी फार पूर्वीच शोधली होती. पहाटे जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. सासरचा जाच, भावाची वाट, गेलेलं लेकरू, नवऱ्याचा राग, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं ते त्या जात्याला सांगत. दळण संपेपर्यंत मन थोडं मोकळं व्हायचं आणि मग दिवसाच्या कामाला लागायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा ओव्या गोळा करवल्या. त्या लाखाच्या घरात भरल्या. एवढं दुःख आणि एवढं शहाणपण जात्याभोवती साठलं होतं. आता घरोघरी जातं राहिलं नाही, दळण गिरणीत जातं. जात्यापाशी बोलायची ती वेळ गेली, तिच्या जागी दुसरं काहीतरी पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट वहीची. वहीची ताकद आपल्या आजा-पणजांनी चांगली ओळखली होती, पण ती वही त्यांच्या हातात नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कशावर होता? सावकाराकडच्या खतांवर आणि रोख्यांवर. ते कागद त्यांनी जाळले. कारण सगळा हिशेब एकाच बाजूला लिहिलेला होता आणि शेतकऱ्याला तो वाचता येत नव्हता. आज आपली पोरं शिकली, आपणही सहीपुरते का होईना शिकलो. तरी पुष्कळ घरांत हिशेब दुकानदाराच्या वहीत असतो आणि आपल्याकडे फक्त त्याची धास्ती असते. ती धास्ती कमी करायची तर वही आपल्याही घरात पाहिजे.

वही लिहायची कशी?

वेळ एक ठरवा. जेवणं आटोपल्यावर, निजण्याआधी. काहींना पहाटे दूध काढायच्या आधी बरं वाटतं, तसं करा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. घड्याळ बघून थांबा. रात्रभर लिहीत बसायचं नाही.

शुद्धलेखनाची काळजी करू नका. इथं मास्तर तपासायला येणार नाहीत. आपण बोलतो तशीच भाषा लिहा. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मालवणी असो. वर वार आणि तारीख घाला, एवढंच.

मग पानाचे तीन भाग करा.

पहिला भाग : मनातलं. आज काय झालं आणि मला काय वाटलं, ते लिहा. नुसतं काय झालं तेवढं लिहून थांबू नका. लाज वाटली, भीती वाटली, राग आला, जे असेल ते नाव घेऊन लिहा. इथं एक युक्ती आहे. ज्यांना लिहिण्याचा फायदा झाला त्यांच्या लिखाणाची पाहणी पेनेबेकर यांनी पुढं केली. तेव्हा दिसलं की दिवसागणिक त्यांच्या लिखाणात कारणं शोधणारे आणि उमज पडल्याचे शब्द वाढत गेले होते. म्हणून ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतं’ हे शब्द मुद्दाम वापरा. नुसतं “माझं नशीबच फुटकं” असं रोज लिहिलं तर घाण्याचा बैल डोक्यातून वहीत आला, एवढंच होईल.

दुसरा भाग : आकडे. ज्या गोष्टीची काळजी आहे तिला आकडा असेल तर तो लिहा. देणं किती, कुणाचं, कधी द्यायचं. येणं किती, कुठून, कधी. अंदाज लिहू नका. पासबुक, पावत्या काढून बघा. पहिल्या दिवशी याला वेळ लागेल, आणि भीतीही वाटेल. पण हे एकदाच करायचं आहे, नंतर फक्त बदल लिहायचा.

तिसरा भाग : दोन रकाने. मधोमध रेघ मारा. एकीकडे ‘माझ्या हातातलं’, दुसरीकडे ‘हाताबाहेरचं’. पाऊस हाताबाहेरचा. लोक काय म्हणतील, ते हाताबाहेरचं. दुकानदाराकडे जाऊन मुदत मागणं हातातलं. काही गोष्टी अर्ध्या असतात, त्या फोडून लिहा. बाजारभाव ठरवणं आपल्या हातात नाही. पण माल कधी विकायचा, हे थोडंफार असतं. काही बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना असते, माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळतं. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे जाऊन विचारणं हातातलं आहे.

आणि शेवटच्या ओळीत उद्याचं एक काम लिहा. दहा नकोत. एकच, पण नेमकं. “कर्जाचं बघायचं” असं लिहू नका. “सकाळी दहाला गटसचिवांना भेटून माझी थकबाकी किती ते लिहून आणायचं” असं लिहा. मग वही मिटा आणि निजा.

एक उदाहरण घेऊ

समजा, एक शेतकरी आहे. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. सोयाबीन पावसानं निम्मं गेलं. दिवाळी होऊन गेली. कुणी विचारलं, देणं किती, तर म्हणतो, “असंल दोन-अडीच लाख. आता काय उरलंय?” तीन आठवडे झोप नाही. एका रात्री तो वही घेऊन बसला आणि कागद जमवून लिहिलं :

सोसायटीचं पीककर्ज ८०,००० रुपये.
कृषी सेवा केंद्राची उधारी २३,५०० रुपये.
साडूकडून हातउसने १५,००० रुपये.
मोटार दुरुस्तीचे ४,२०० रुपये.
एकूण १,२२,७०० रुपये.

एक लाख बावीस हजार सातशे म्हणजे लहान रक्कम नाही. पण ती अडीच लाख नाही, हे त्याला कळलं. आणि ती चार ठिकाणी विभागलेली आहे. त्यातलं मोटारीचं लगेच देता येईल. साडू थांबेल, पण त्याला तसं सांगायला पाहिजे. सोसायटीचं मोठं आहे, पण आपत्ती जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, तेव्हा आधी चौकशी करायची. राहता राहिला दुकानदार. त्याच्यामुळेच आजचा दिवस वाईट गेला होता. मग त्यानं वर मनातलं लिहिलं, ते असं :

“सोमवार. जेवण गेलं नाही. दुपारी दुकानदारानं चारचौघांत उधारीचं विचारलं. मला लई लाज वाटली, कारण बाजूला सोयरे उभे होते. घरी येऊन पोरावर ओरडलो. पोराचं काही चुकलं नव्हतं. राग दुकानाचा होता. पण त्याचंही खरं, कारण दिवाळीला देतो म्हणून मीच बोललो होतो आणि नंतर त्याच्या दारावरून जायचं टाळलं. मी तोंड लपवलं म्हणून त्यानं चारचौघांत विचारलं. उद्या स्वतःच जातो. सांगतो, तूर निघाली की निम्मे देतो, बाकी पुढं. पोराला जवळ घेतलं पाहिजे.”

पाहा, आठ-दहा ओळीच आहेत. पण रागाचं मूळ सापडलं, पोराचा दोष नाही हे कळलं, आणि उद्याचं काम ठरलं. तूर निघेपर्यंत देणं आहे तेवढंच राहील. फक्त ते देणं आता त्याच्या पुढ्यात आहे, मानगुटीवर नाही.

आकडे लिहिताना एक गोष्ट बघा. खाजगी सावकाराचं देणं असेल तर ते लपवू नका, वहीत लिहा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो आणि मिळालेल्या रकमेची पावती द्यावी लागते. परवाना नसताना कुणी सावकारी करत असेल किंवा दमदाटी करत असेल, तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार करता येते. केव्हा किती दिलं, याची तारीखवार नोंद त्या वेळी उपयोगी पडते.

वर्षाअखेरीला फायदा दिसतो

रोजच्या वहीत पावसाची, फवारणीची, दुधाची, मजुरीची एखादी ओळही घालत जा. वर्ष झालं की पानं उलटून बघा. व्यापारी दिवाळीला वहीपूजन करतो आणि जुनी वही चाळून बघतो, आपणही बघू. काळजीलाही हंगाम असतो, हे तुमच्या ध्यानात येईल. कुणाची पेरणीच्या तोंडावर वाढते, कारण बियाणं आणि शाळेचा खर्च एकदम येतो. कुणाची मार्चअखेरीला, कारण वसुली सुरू होते. कुणाची लग्नसराईत. किडीचा काळ माहीत असला की आपण आधी सापळे लावतो. तसं, जूनमध्ये आपलं डोकं फिरतं हे माहीत असलं, तर मे महिन्यातच घरात बसून खर्चाचं ठरवता येतं.

आणखी एक दिसेल. गेल्या वर्षी ज्या दहा गोष्टींची धास्ती घेतली होती, त्यातल्या काही घडल्याच नाहीत, काही घडल्या आणि त्यातूनही आपण निभावलो. हे दुसऱ्यानं सांगून पटत नाही. आपल्याच हाताचं अक्षर असलं की पटतं.

काय टाळावं?

घाव अगदी ताजा असेल, घरात मयत झाली असेल, मोठा अपघात झाला असेल, तर लगेच त्यावर लिहायला बसू नका. आधी माणसांत राहा, रडू आलं तर रडा. काही आठवड्यांनी लिहा.

दुःखाचं लिहिल्यावर लगेच मन जड होतं, डोळ्यांत पाणी येतं. हे साधारणपणे थोडा वेळ टिकतं आणि ओसरतं. पण लिहिताना फारच घालमेल व्हायला लागली तर वही मिटा. त्या दिवशी दुसरं लिहा, गाईचं दूध किती निघालं ते लिहा. चार-पाच दिवस लिहूनही मन अधिकच खचत असेल, तर हा उपाय सोडा आणि माणसाशी बोला.

दारू घेऊन लिहू नका. त्या वेळी लिहिलेलं सकाळी आपल्यालाच ओळखू येत नाही.

आणि दुसऱ्याची वही वाचू नका. हा घराचा नियमच करा. नवऱ्यानं बायकोची, बायकोनं नवऱ्याची, बापानं पोरीची वही उघडायची नाही. वाचलं जाईल अशी भीती असली तर माणूस खरं लिहीत नाही. मनातलं लिहिलेलं पान फाडून चुलीत घातलं तरी चालेल. आकड्यांचं पान मात्र जपून ठेवा.

भगिनींनो, हे तुमच्यासाठीही

शेतीचं निम्म्याहून अधिक काम तुमच्या हातून होतं, पण काळजी विचारताना कुणी तुम्हाला विचारत नाही. घरात तांदूळ किती उरला, पोराची फी कधी भरायची, बचत गटाचा हप्ता, सासूचं औषध, नवरा दोन दिवस बोलला नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. तुम्हीही वही ठेवा. गटाची वही लिहिता, तशीच ही. निवांत वेळ रात्री मिळत नसेल तर दुपारी पोरं शाळेत असताना पाच मिनिटं लिहा. कुठं ठेवायची ते मी सांगायला नको, डाळीच्या डब्यामागची जागा तुम्हालाच ठाऊक.

आणि महिन्यातून एकदा दोघांनी मिळून आकड्यांचं पान समोर घ्या. मनातलं ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या, पण देणं-घेणं दोघांना माहीत असू द्या. पुष्कळ घरांत कर्ज किती हे घरधनिणीला ठाऊक नसतं. तिला काळजी नको म्हणून धनी सांगत नाही. पण तिला सगळं चेहऱ्यावर दिसतच असतं. न सांगितल्यामुळे एक काळजी दोन ठिकाणी वेगवेगळी वाढते.

लिहिता येत नसेल तर?

तरी अडत नाही. आकडे नातवंडाकडून किंवा भरवशाच्या माणसाकडून लिहून घ्या. मनातलं बोलून काढा. मोबाईलवर आवाज मुद्रित करता येतो. शेताच्या बांधावर बसून पाच मिनिटं बोला आणि वाटलं तर पुसून टाका. तेही नको असेल तर रात्री निजण्याआधी बोटांवर मोजा : आज मनाला लागलेली एक गोष्ट, तिचं कारण, आणि उद्याचं एक काम. तीन बोटं, तीन गोष्टी.

वहीनं भागत नाही तेव्हा

हा भाग नीट लक्ष देऊन वाचा.

वही आपली सोबत करते, पण ती उठून डॉक्टरला बोलावू शकत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवणात चव नाही, कशातच मन लागत नाही, पाणी द्यायला, दूध काढायला उठवत नाही, दारू वाढली आहे, असं झालं तर ते आजाराचं लक्षण असू शकतं. मलेरियाला आपण लाजत नाही, तसं यालाही लाजायचं कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. औषधानं आणि बोलण्यानं हा आजार बरा होतो.

आणि लिहिता लिहिता “मी नसलो तर बरं होईल” असं हातून उतरलं, किंवा तसा विचार नुसता मनात आला, तर त्याच वेळी वही बाजूला ठेवा आणि घरातल्या माणसाला उठवा. भाऊ, बायको, मित्र, आशाताई, कुणीही. “माझ्या मनात वाईट विचार येतोय, माझ्याजवळ बस,” एवढं म्हटलं तरी पुरे. कुणी जवळ नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही टेलिमानस सेवा सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा विचारांची लाट येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत एकटं राहायचं नाही.

घरच्यांनी एक करावं. फवारणीची औषधं घरात उघडी, कोनाड्यात, खाटेखाली ठेवू नयेत. पेटीत किंवा खोलीत कुलूप लावून ठेवावीत, आणि जो काळजीत आहे त्याच्याकडे किल्ली असू नये. वाईट घडी टळायला एवढीही आडकाठी पुष्कळदा पुरते. आणि आपला माणूस गप्प गप्प राहतो असं दिसलं तर सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. रोज एक वेळ ठरवून दहा-पंधरा मिनिटं लिहा. वार-तारीख घाला.
२. काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही लिहा. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे शब्द वापरा.
३. देण्या-घेण्याचे आकडे कागद बघून लिहा. अंदाज नको.
४. हातातलं आणि हाताबाहेरचं असे दोन रकाने करा.
५. शेवटी उद्याचं एकच नेमकं काम लिहा आणि वही मिटा.
६. दुसऱ्याची वही वाचू नका.
७. मन फार खचलं तर वहीवर विसंबू नका. माणसाला सांगा, दवाखान्यात जा, १४४१६ ला फोन करा.
८. विषारी औषधं कुलपात ठेवा.

शेतीच्या अडचणीसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट क्रमांक आहेच. उद्याचं काम ठरवताना पिकाचा प्रश्न असेल तर तिथं विचारा.

मंडळी, बाजारच्या दिवशी पोरांसाठी वही घ्याल तेव्हा एक स्वतःसाठी जास्त घ्या. सुरुवातीला चार दिवस लिहून बघा, चारच दिवस. जमलं तर पुढं चालू ठेवा. आणि हे पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या. बांधापलीकडचा माणूसही रात्री जागाच असेल.

बराय, रामराम.